छत चार इंच खाली

बसवणप्पाच्या भंगारात
एकाच रेडिएटरला दोन बाजूंनी आम्ही हात घातला.
मी म्हटलं, सोड.
सोडेना.
मला वाटलं माजलाय.
मग बसवणप्पा म्हणाला, त्याला ऐकू येत नाही बे,
बावीस वर्षं पॉवरलूमवर काढलीत,
कानात अजून धोटा फिरतोय त्याच्या.

असा मकबूल नदाफ आयुष्यात आला,
रेडिएटर न सोडता.

त्याच्याकडे फियाटचा सांगाडा होता,
कोंबड्या झोपायच्या त्यात.
माझ्याकडे अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
रात्री रिकामं पडणारं वेल्डिंगचं शेड
आणि बायकोला न सांगितलेले अकरा हजार.

छत चार इंच खाली घ्यायचं ठरलं.
त्यानं खडूनं रेघ मारली, मी कापलं,
चारही खांब, एकेक करून.
जोडताना उजवीकडचा एक सूत जास्त निघाला.
एक सूत!
रात्रभर भांडलो,
तो ओरडून, मी हातवारे करून,
इतके की शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातला वॉचमन
काठी घेऊन धावत आला.
पहाटे कळलं, फूटपट्टी माझीच, टोकाला झिजलेली.
मी काही बोललो नाही.
त्यानं डबा उघडला, कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीची पुडी मधोमध ठेवली
आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

इंजिन मात्र त्याचं.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवायचा,
मूठ दातांत धरायचा,
डोळे मिटून.
तिसरा ढिला, म्हणायचा.
माझे दोन्ही कान शाबूत,
मला नुसता आवाज यायचा.

बॉनेट काढूनच टाकलं.
चार नळ्या एका बाजूनं बाहेर,
बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या.
रंग वांग्याचा.
सीटला जेकार्डची चादर, लाल, मोरांची,
एका मोराची मान विणताना चुकलेली
म्हणून निम्म्या भावात मिळाली.
तो मोर मकबूलनं ड्रायव्हरच्या पाठीला घेतला.

तीन वर्षं गेली यात.
बायकोला अकरा हजारांचं कळलं, पुढच्या चाळीसांचंही कळलं.

गड्डा उठला, पाळणे ट्रकवर चढून गेले,
आणि होम मैदानात त्या रविवारी गाड्यांचा मेळा भरला.
पुण्याच्या गाड्या ट्रेलरवरून आल्या, झाकलेल्या,
नवरीसारख्या.
आमची स्वतःच्या पायानं आली,
शांती चौकात दोनदा बसकण मारून.
फॉर्मवर मालकाला एकच ओळ.
मी लिहिलं, नरसिंग गज्जम मकबूल नदाफ.
टेबलावरची पोरगी म्हणाली, हे एकाच माणसाचं नाव आहे का?
मी म्हटलं, हो.

परीक्षकांनी विचारलं, मूळ कंपनी कुठली?
मकबूल म्हणाला, चार इंच.
त्यांनी ते लिहून घेतलं.

चावी फिरवली तेव्हा
पोरांनी कान झाकले, एक म्हातारा शिव्या देत लांब गेला,
चहाच्या गाड्यावरच्या बशा खुळखुळल्या.
सगळ्या मैदानात एकटा मकबूल
कान उघडे टाकून उभा,
तळहात मडगार्डवर,
आणि चेहरा असा, की मी गाडीकडे बघायचंच विसरलो.

बक्षीस नाही मिळालं. उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा.
आरटीओचा एक साहेब साध्या कपड्यांत आला होता,
त्यानं नंबरप्लेटचा फोटो काढला,
सोमवारी कागदं घेऊन या म्हणाला,
मग स्वतःच्या पोराला मोरावर बसवून
आणखी तीन फोटो काढले.
सोमवारी आम्ही काही गेलो नाही.

रात्री एका दिव्यावर परत आणली.
शेडमध्ये इंजिन बंद केलं.
लोखंड निवताना तडतडतं, ते मी ऐकत बसलो.
तो हात ठेवून उभा होता ब्लॉकवर,
पोळत असणार.
मी खुणेनं म्हटलं, चल, घरी वाट बघत असतील.
थांब बे, म्हणाला,
अजून बोलायलीय.